निंदेचे उत्तर

एखाद्या धर्मपंथाच्या प्रवर्तकावर चिखलफेक झाली, तर अनुयायांनी काय करावे? या प्रश्नाची दोन उत्तरे सहसा तयार असतात. पहिले मौनाचे : निंदकाला उत्तर देणे म्हणजे त्याला मोठे करणे, महापुरुषाचे तेज निंदेने मलिन होत नाही. दुसरे प्रतिकाराचे : निंदकाचे तोंड बंद करावे, ग्रंथ मागे घ्यावयास लावावा, न्यायालयात जावे. या दोन्ही उत्तरांची परीक्षा करावयाची, तर महानुभाव पंथाच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण मराठीत दुसरे नाही. या पंथाने शतकानुशतके मौन पाळून पाहिले, आणि त्याच्यातील काहींनी विसाव्या शतकात प्रतिकाराची वाटही चोखाळून पाहिली. तिसरे आणि खरे उत्तर मात्र त्याच्या आद्य ग्रंथातच पहिल्यापासून लिहिलेले होते.

तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी जो आचारधर्म सांगितला तो प्रस्थापित कर्मकांडाला मानवणारा नव्हता. त्यांनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. विटाळाच्या कल्पनेला देहधर्माचा साधा न्याय लावून ती निरर्थक ठरविली. संस्कृत सोडून लोकांच्या भाषेत निरूपण केले. अशा पुरुषाला विरोध होणे अटळच होते. परंतु त्या विरोधाने पुढे जे रूप घेतले ते वादाचे नव्हते, कुचेष्टेचे होते. ‘महानुभाव’चे ‘मानभाव’ झाले, आणि ‘मानभावी’ हे विशेषण वरकरणी सालस व आतून कपटी अशा माणसासाठी मराठीत रूढ झाले. पंथाच्या नावाची व्युत्पत्ती ‘मांगभाव’ अशी लावून प्रवर्तकाविषयी एक कुत्सित कथाही रचली गेली. ब्रिटिश अमदानीत जातीजमातींची माहिती संकलित करणाऱ्यांनी ती जशीच्या तशी आपल्या ग्रंथांत उतरविली. अशा रीतीने ऐकीव कुटाळकीला छापील माहितीची प्रतिष्ठा लाभली.

या काळात अनुयायी काय करीत होते? ते आपले ग्रंथ जपत होते. पण सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांच्या कुलपाखाली. ब्रह्मविद्या अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, शब्द भ्रष्ट होऊ नये, ही त्यामागील श्रद्धा होती, आणि तिचा उपहास करणे अन्यायाचे ठरेल. याच निष्ठेमुळे मराठीचे आद्य गद्य आजवर टिकले, आणि महाराष्ट्राबाहेर पंजाबपर्यंत, इतकेच नव्हे तर काबूलपर्यंत, मराठी पोथ्यांची पूजा झाली. तथापि लिपीच्या कुलपाने ग्रंथ सुरक्षित राहिला, ग्रंथकर्त्यांचा लौकिक मात्र राहिला नाही. ज्याच्या हाती पुरावा होता तो बोलत नव्हता, आणि जो बोलत होता त्याच्या हाती पुरावा नव्हता.

मौनाचे समर्थक सहनशीलतेचा दाखला देतात. त्यात एक सूक्ष्म गफलत आहे. स्वतःवरील निंदा सोसणे हा प्रवर्तकाचा गुण. पण दुसऱ्याच्या नावावर होणारी निंदा मुकाट्याने ऐकणे हा त्याच गुणाचा विस्तार नव्हे. प्रवर्तक गेलेला असतो. त्याला ना मानाची अपेक्षा ना अपमानाचे दुःख. प्रश्न उरतो तो ऐकणाऱ्याचा. जो तटस्थ वाचक एकाच बाजूचे ऐकतो, त्याची फसवणूक होते, आणि मौन त्या फसवणुकीत भागीदार होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही कोंडी फुटली. वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपीचा उलगडा विद्वानांपुढे मांडला. पंथातील काही महंतांनीही दूरदृष्टीने आपल्या पोथ्या अभ्यासकांना दाखविल्या. १९२५ मध्ये य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी संपादनाचे मोठे कार्य केले. शतकांची कुचेष्टा जी हटली ती कोणाच्या निषेधाने नव्हे. ‘लीळाचरित्र’ वाचावयास मिळाले म्हणून. वाचकाने चक्रधरांचे बोलणे ऐकले आणि रचलेली कथा आपोआप गळून पडली.

आणि नेमक्या याच ठिकाणी दुसरी चूक घडली. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा पंथीयांपैकी काहींनी त्यातील काही लीळांवर आक्षेप घेतले व वाद न्यायालयापर्यंत गेला. येथे पूर्वपक्ष कोणी निंदक नव्हता. पंथाच्याच परंपरेतील पोथ्यांवरून आयुष्यभर त्या वाङ्मयाची सेवा करणाऱ्या विद्वानाने सिद्ध केलेला तो पाठ होता. पाठ चुकीचा असेल तर दुसरी पोथी पुढे ठेवावी, तिचे प्रामाण्य सिद्ध करावे. तो अनुयायांचा हक्कच आहे. परंतु लीळा अडचणीची वाटते म्हणून ती छापू नये असे म्हणणे वेगळे. असे म्हणणारा भक्त नकळत निंदकाचीच मोजपट्टी हाती घेतो. आपल्या प्रवर्तकाचे चरित्र उजेडात टिकणार नाही, हे निंदकाचे म्हणणे तो आधीच मान्य करून बसतो.

म्हाइंभटांना अशी भीती वाटली नाही. चक्रधरांच्या प्रयाणानंतर, इ. स. १२७८ च्या सुमारास, त्यांनी ऋद्धिपूर येथे नागदेवाचार्यांच्या साहाय्याने लीळा संकलित केल्या. ज्याच्यासमोर प्रसंग घडला त्याच्याकडून तो मिळवावा, पारखून घ्यावा आणि मग लिहावा, ही त्यांची पद्धत. पूर्वायुष्यात हरपाळदेव द्यूत खेळले, हरले, पत्नीकडे अलंकार मागितले आणि तिने ते नाकारले, हा प्रसंगही त्यांनी गाळला नाही. निंदकाला याहून सोयीचे साधन कोणते मिळाले असते? पण हाच प्रसंग वैराग्याचा उगम म्हणून वाचकाच्या मनात ठसतो. मूळ पोथी हरवल्यावर पुढील पिढ्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, तेव्हाही भिन्न आठवणी एकमेकींत मिसळल्या नाहीत. पाठभेद ‘वासना’ म्हणून नोंदविले. पूज्य पुरुषाच्या चरित्रात मतभेदाची जागा मोकळी ठेवणारी ही परंपरा कोणत्याही आरोपाला घाबरण्याचे कारण नव्हते.

तेव्हा उत्तर द्यावे की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे; कशाला आणि कशाने, हे विचारले पाहिजे. असत्य कथेला पुराव्याने उत्तर द्यावे, एकदा द्यावे आणि स्पष्ट द्यावे. मतभेदाला युक्तिवादाने उत्तर द्यावे, आणि प्रतिपक्षाचे बरोबर असेल तेवढे मान्य करावे. संशोधनाला उत्तर देण्याची गरजच नसते. त्याला पोथ्या द्याव्या लागतात. निव्वळ शिवीला मात्र खुशाल मौन असावे. मौनाची योग्य जागा तेवढीच. बंदीला यांपैकी कोठेही स्थान नाही. निंदेमागे जातीचा तिरस्कार असेल, तर ‘आमचे प्रवर्तक तसे नव्हते’ एवढे म्हणून थांबणे हाही पराभवच होय. कारण त्यात तो तिरस्कार शाबूत राहतो. ज्याने उच्चनीचता अव्हेरली त्याच्या अनुयायाने त्या शिवीतील मापच नाकारले पाहिजे.

ज्या ऋद्धिपुरात म्हाइंभट लिहीत होते, तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. पंथाला ही प्रतिष्ठा कुलूपबंद पोथीने दिली नाही, न्यायालयानेही दिली नाही. उघडलेल्या पोथीने दिली.