रंधा कोणाच्या हातात?

आपल्याकडे लग्नानंतर संसार 'थाटतात' किंवा 'मांडतात'. तो कोणी 'बनवत' नाही. पलंग, कपाट, दिवाण, जेवणाचे टेबल या वस्तू मुलीच्या बापाने द्यायच्या, नाहीतर नवऱ्यामुलाने हप्त्यावर आणायच्या, टेंपोतून उतरवून घ्यायच्या आणि भिंतीला लावून ठेवायच्या, एवढाच त्या क्रियापदाचा अर्थ. ज्या घरात आयुष्य काढायचे त्या घरातली निदान एक वस्तू आपल्या हातची असावी, ही कल्पना पांढरपेशा मनाला सहसा शिवत नाही. शिवलीच तर 'परवडत नसेल बिचाऱ्यांना' अशा सहानुभूतीच्या रूपाने शिवते. या सहानुभूतीचीच मला येथे थोडी झडती घ्यायची आहे.

माझी ताई आणि दाजी सांगलीत तळमजल्यावर भाड्याने राहतात. ताई शाळेत गणित शिकवते, दाजी एका पतसंस्थेत कारकून आहेत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांपर्यंत चढले. तेथे धोक्याची पातळी 45 फूट मानतात. पाणी ओसरल्यावर गल्लीगल्लीत जे ढीग दिसले ते ज्याने पाहिले तो विसरणार नाही. त्या ढिगांत सर्वांत जास्त काय होते, तर फुगलेले, फुटलेले, तयार दुकानी फर्निचर. भुसा आणि लाकडाचे बारीक तुकडे रसायनात कालवून, दाबून त्याच्या फळ्या करतात आणि वर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवतात. पाणी आत शिरले की तो चिकटा सुटतो, भुसा फुगतो आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. ताईचे कपाट आणि दिवाण याच जातीचे होते. कपाट गेले तरी त्याचे सात हप्ते भरायचे शिल्लक राहिले. त्याच चिखलातून आजीचा सागवानी पाट मात्र निघाला, धुतला, सावलीत वाळवला, आणि पुन्हा जेवायला हजर झाला. सागाच्या अंगात तेल असते. त्याला पाणी लवकर लागत नाही, लागले तरी तो तग धरतो.

या पाटाकडे बघून दोघांनी ठरवले, की आता हप्ता नाही. सांगली-मिरजेकडे जुने वाडे पाडले की तुळया, खांब, चौकटी विकायला येतात. तसल्या दोन दरवाजांच्या चौकटी आणि काही फळ्या त्यांनी घेतल्या. जवळच्या एका वृद्ध मिस्त्रींना विनंती केली, की तुम्ही टेबल करून देऊ नका, आम्हाला करायला शिकवा. मिस्त्रींना आधी ही थट्टा वाटली. मग त्यांनी चार रविवारांची पूर्ण मजुरी ठरवून घेतली, आणि शिकवले.

आधी भिंती. पुराचे पाणी भिंतीत मुरलेले होते आणि खालच्या हातभर भागाला लोणा फुटत होता. शेजाऱ्यांनी दिवाळीच्या आत ऑइलपेंट मारून घेतला; संक्रांतीला त्याचे पापुद्रे सुटले, कारण आतल्या ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. ताई-दाजींनी सुटलेला गिलावा खरवडला, भिंती थंडी संपेपर्यंत उघड्या वाळू दिल्या आणि मग चुना दिला. चुन्यातून भिंत श्वास घेते. घरमालक आधी कुरकुरले, नंतर वरच्या मजल्यालाही चुनाच द्या म्हणाले. विजेच्या बोर्डाला मात्र दोघांनी हात लावला नाही, तिथे वायरमनच आला, आणि ते योग्यच झाले. स्वतः करण्याचा हट्ट जिवावर बेतण्याइतका नसावा.

मग लाकूड. मिस्त्रींच्या पहिल्या रविवारी एकाही फळीला करवत लागली नाही. दिवसभर जुन्या लाकडातल्या चुका शोधून उपटणे चालले होते. (लहान खिळ्याला चूक म्हणणारी आपली भाषा मोठी मार्मिक आहे: एक चूक आत राहिली, की करवतीचे दात गेलेच.) दुसऱ्या रविवारी माप. दाजी सेंटिमीटरवाले, मिस्त्री सुताचे. इंचाला आठ सूत. गुण्या लावून काटकोन पाहायचा, रेषेच्या कोणत्या बाजूने करवत चालवायची ते आधी ठरवायचे, कारण करवतीच्या पात्याची जाडी स्वतःच एखादे सूत खाऊन टाकते. रंधा लाकडाच्या रेषांच्या कलाने मारायचा. उलटा मारला की छिलका निघण्याऐवजी लाकूड उपसून येते. पटाशीने खाच पाडायची, दुसऱ्या तुकड्याला कुसू काढायचे, आणि ते खाचेत असे बसले पाहिजे की हाताने दाबल्यावर जाईल पण सहज निघणार नाही. यातले एकही वाक्य मला पुस्तकात सापडले नव्हते. ही विद्या आहे, हे कबूल करायला आपण इतकी शतके का लावली?

तिथेच एक गोष्ट घडली. रिवाजाप्रमाणे करवत दाजींच्या हातात आणि पॉलिश पेपर ताईच्या हातात गेला होता. दाजींचा काप दर खेपेला उजवीकडे पळायचा. मिस्त्रींनी दोन फळ्या वाया जाताना पाहिल्या आणि करवत काढून ताईला दिली. तिचा काप सरळ आला. त्यात नवल काहीच नाही. जी बाई गेली पंधरा वर्षे स्वतःचे ब्लाउज स्वतः बेतते, तिच्या डोळ्याला रेषा कळते. तेव्हापासून त्या घरात कापणे तिचे आणि घासणे दाजींचे. तरीही टेबल बघायला आलेला प्रत्येक पाहुणा दाजींकडे वळून म्हणतो, "वा साहेब, हात चांगला आहे हो तुमचा!" दाजी दर वेळी दुरुस्ती करतात. पाहुणे हसतात. त्यांना तो विनय वाटतो.

या पाहुण्यांना एकटे दोषी धरता येत नाही, कारण त्यांच्या पंक्तीला फार मोठी मंडळी बसलेली आहेत. अमेरिकेतले चार्ल्स आणि रे ईम्स हे जोडपे फर्निचरच्या जगात अजरामर झाले. 1941 मध्ये लग्न करून दोघे लॉस एंजेलिसला आले आणि भाड्याच्या घरातल्या एका रिकाम्या झोपण्याच्या खोलीत त्यांनी एक यंत्र घरीच बनवले. प्लास्टरचा साचा, तो तापवायला विजेच्या तारा, आणि लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यावर दाबून धरायला रबरी फुगा. तो फुगा फुगवायला सायकलचा पंप! जादूगाराच्या मंत्रावरून त्यांनी यंत्राचे नाव 'कझॅम' ठेवले. प्लायवूडला दोन्ही दिशांनी वळवण्याचे तंत्र त्यांनी या घरगुती उपद्व्यापातून साधले. पुढे महायुद्धात त्यातूनच जखमी सैनिकांच्या मोडक्या पायांना आधार देणाऱ्या प्लायवूडच्या पट्ट्या निघाल्या आणि अमेरिकन नौदलासाठी त्या दीड लाखांच्या घरात तयार झाल्या. युद्ध संपल्यावर तेच तंत्र खुर्चीत उतरले. 'टाइम' साप्ताहिकाने 1999 मध्ये शतकातली सर्वोत्तम रचना म्हणून जिची निवड केली, ती हीच वळवलेल्या प्लायवूडची खुर्ची.

आणि 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात या फर्निचरचे प्रदर्शन भरले तेव्हा त्याच्या शीर्षकात नाव एकट्या चार्ल्सचे होते. रे स्वतः शिकलेली चित्रकर्ती होती. आकाराची आणि रंगाची तिची नजर त्या खुर्च्यांत मुरलेली आहे, असे आता सर्व अभ्यासक मानतात. म्हणजे सांगलीतला पाहुणा आणि न्यूयॉर्कचे संग्रहालय यांची नजर या बाबतीत सारखीच.

या जोडप्याशी आपला प्रत्यक्ष संबंधही आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते येथे आले, फिरले, आणि 1958 मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्या अहवालात त्यांनी सर्वाधिक वाखाणलेली वस्तू कोणती, तर आपला साधा लोटा. त्याच अहवालाच्या पायावर 1961 मध्ये अहमदाबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन उभी राहिली. सायकलच्या पंपाने लाकूड दाबणारे लोक आपल्याला शिकवायला आले, आणि आपण त्यांचे म्हणणे मानले. आपल्याच गल्लीतल्या मिस्त्रींना मात्र कोणी अहवाल लिहायला सांगितलेला माझ्या ऐकिवात नाही.

आता अवघड भाग. आमच्या अण्णांना जेव्हा कळले की लेक आणि जावई रविवारी रंधा मारतात, तेव्हा ते म्हणाले, "एवढं शिकूनसवरून शेवटी सुतारकी?" अण्णा वाईट माणूस नाहीत. पण त्या एका वाक्यात आपला अख्खा गावगाडा बसलेला आहे. बारा बलुतेदारांत सुतार आला. त्याच्यावाचून नांगर चालत नाही, गाडी चालत नाही, दाराला दार लागत नाही. आणि तरी त्याचे काम 'आपले' नव्हे. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्येच हे मांडून ठेवले आहे, की जात ही कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. ताईने करवत धरली म्हणून अण्णा चिडले ते नेमके या कुंपणाला धक्का लागला म्हणून.

पण मग ताईने ते कुंपण मोडले, असे म्हणून टाळ्या पिटाव्यात का? मला तसे म्हणवत नाही. आमच्या वर्गात एक मित्र आहे, त्याचे वडील सुतार. मी त्याला हे सारे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "तुझ्या ताईचा तो छंद आहे. आमच्या बाबांची ती कंबर आहे." त्याच्या वडिलांनी त्याला बजावले आहे, की बी.ए. हो, पण रंधा धरू नकोस. माझी ताई टेबल करते तेव्हा तिचे फोटो काढतात. तो करील तर लोक म्हणतील, शिकून काय उपयोग, शेवटी बापाच्याच धंद्यात. एकच कृती, एकच हत्यार, पण एकीला कौतुक आणि दुसऱ्याला नशीब. या फरकाकडे डोळेझाक करून 'श्रमप्रतिष्ठे'वर निबंध लिहिणे सोपे आहे. दर वर्षी एक ऑक्टोबरच्या शेवटी आपण लिहितोही.

काही जण विचारतात, की सगळेच घरी फर्निचर करू लागले तर मिस्त्रींनी खायचे काय? प्रश्न चुकीच्या दिशेला बोट दाखवतो. मिस्त्रींचे काम ताईने नेलेले नाही. ते भुशाच्या तयार फळ्यांनी आणि हप्त्यांनी कधीच नेले. उलट मला दिसले ते असे: एक खाच नीट पाडायला ताईला अडीच तास लागले, आणि त्यानंतर तिने कोणत्याही कारागिराशी घासाघीस केलेली नाही. नंतर दाराची चौकट बदलून घेतली तेव्हा मिस्त्रींनी सांगितलेली मजुरी ऐकून दाजी म्हणाले, "एवढ्यात होतं कसं तुम्हाला?" ज्याने कधी हत्यार धरलेले नाही त्यालाच मजुरी जास्त वाटते.

शाळेनेच हे शिकवायला हवे होते, हे म्हणणेही नवे नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि हस्तोद्योगातून शिक्षण ही नई तालीमची कल्पना देशापुढे आली. पुढे कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. त्या आग्रहाचे माझ्या शाळेत काय झाले? 'कार्यानुभव' नावाचा तास वेळापत्रकात होता. त्यात मुलींनी लग्नपत्रिकांची फुले केली, मुलांनी बाके वाहिली, आणि परीक्षा जवळ आली की तो तास बीजगणिताने खाल्ला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतारकाम, बागकाम, कुंभारकाम अशा कामांत घालवू द्यावेत असे म्हटले आहे. दहा दिवसांत रंधा सरळ धरता येत नाही, पण निदान तो किती जड असतो ते कळते. आणि त्या दहा दिवसांत तरी पॉलिश पेपर मुलींकडे आणि करवत मुलांकडे अशी विभागणी होऊ नये. सुताराच्या मुलाला 'तुला येतच असेल' म्हणून मदतनीस करू नये. हिशेबनिसाच्या मुलालाही त्याच बाकावर घाम गाळू द्यावा.

त्या टेबलाचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. ताईने ते करतानाच मिस्त्रींशी वाद घालून पाय नटबोल्टाने जोडून घेतले होते. मिस्त्रींना ते आवडले नव्हते. कुसू असताना बोल्ट म्हणजे त्यांना कमीपणा वाटला. जुलै 2021 मध्ये कृष्णा पुन्हा गल्लीत आली. दोघांनी अर्ध्या तासात टेबल आणि मांडणी सोडवली आणि फळ्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवल्या. पाणी उतरल्यावर मिस्त्री स्वतः पाहायला आले, बोल्ट फिरवून बघितला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तसेच करून देतो म्हणाले. शिकवणी अशी दोन्ही बाजूंनी झाली.

आपल्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही, म्हणून प्रयोगशाळा नाही, म्हणून हाताने करण्यासारखे काही नाही, असे आपण धरून चाललो आहोत. पण मोडकी बाके आहेत. जिमखान्यामागे बंद पडलेली एक खोली आहे. तिथे एक शिकंजा, दोन करवती, दोन रंधे आणि चार पटाश्या ठेवता येतील. आठवड्यातून एक दिवस मिस्त्रींना बोलवावे, त्यांना तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाइतके मानधन द्यावे आणि दर्शनी फलकावर अध्यापकांच्या यादीत त्यांचे नाव लिहावे. हे शेवटचे कलम सर्वांत स्वस्त आहे आणि मला वाटते त्यालाच सर्वांत जास्त विरोध होईल. माझ्या त्या मित्राला मी विचारले, की तू येशील का? तो म्हणाला, "बाबांचं नाव फलकावर लागणार असेल तर येईन. शिकायला नाही, ऐकायला." ताई तिची जुनी करवत द्यायला तयार आहे. मागच्या वर्गातल्या शेवटच्या दोन बाकांचे पाय सध्या विटांवर टेकवलेले आहेत, सुरुवात तिथून करता येईल.