मंगळवेढ्याची दुसरी गोष्ट

पाऊस ओढ देऊ लागला, माग बंद पडले, घरातलं कुणी दवाखान्यात असलं, की सोलापुरात एक वाक्य हमखास कानी येतं: देवावर भरवसा ठेवा, तो वाऱ्यावर सोडत नाही. पुरावा म्हणून दामाजीपंतांची कथा तयारच असते. दुष्काळात मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने बादशहाची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली, बिदरहून पकडून आणण्याचा हुकूम सुटला, आणि विठ्ठलाने विठू महाराचं रूप घेऊन दरबारात धान्याचे पैसे भरले. तात्पर्य असं, की भक्ताची देणी देव भागवतो.

हे तात्पर्य खोडायला नास्तिक लागत नाही. मंगळवेढंच पुरे. याच गावात, दामाजींच्या आधी, १३३८ साली गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली संत चोखोबा गेले. दामाजींसाठी ज्याने महाराचं रूप घेतलं म्हणतात, तो खऱ्याखुऱ्या महारासाठी भिंत सावरायला आला नाही. श्रद्धा कमी पडली म्हणायचं, तर चोखोबांहून जास्त श्रद्धा कोणाची होती हे आधी सांगावं लागेल. हाडांतून येणाऱ्या विठ्ठलनामावरून नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. म्हणजे देवाने भिंत धरून ठेवली असं परंपरेने कधी सांगितलं नाही, आणि देव चोखोबांना सोडून गेला असंही मानलं नाही. (त्यांना देवळाबाहेर ठेवणारं दार माणसांनी लावलेलं होतं; ते उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.)

आपण दामाजी सांगतो आणि चोखोबा गाळतो. त्याची किंमत अडचणीतला माणूस मोजतो. आजार हटला नाही, की ‘माझीच भक्ती खोटी’ हे ओझं वर आणखी. असा दिलासा देणाऱ्यांनी गप्प बसून रुग्णाला डबा पोचवला तरी जास्त पुण्य लागेल.

शिवाय दामाजींची गोष्टही आपण उलट्या टोकाने वाचतो. पैसे भरल्याची पावती पुढे पोथीत सापडली म्हणतात. पुढे! कोठाराचं कुलूप निघालं तेव्हा ती नव्हती. विठ्ठल येईल या हिशेबाने त्यांनी धान्य वाटलं असतं, तर तो नुसता उधारीचा व्यवहार झाला असता. दारात माणसं मरत होती म्हणून त्यांनी दार उघडलं, आणि परिणाम अंगावर घेतला. माझ्या लेखी त्यांचा विश्वास तिथेच दिसतो, दरबारातल्या चमत्कारात नव्हे.

आता विवेकवाद्यांचा आक्षेप: देवावर हवाला टाकला की माणूस हातपाय हलवत नाही. खाटल्यावरच्या हरीची वाट पाहणारे आहेतच, नाही कोण म्हणतो? पण सोलापुरात उभं राहून हे सरसकट बोलणं अवघड आहे. श्रीशैलच्या कड्यावरून उडी घेणाऱ्या कोवळ्या सिद्धरामांना मल्लिकार्जुनाने सावरलं, ही आख्यायिका इथलं पोरही सांगेल. पण देव भेटल्यावर सिद्धराम कड्यावर बसून राहिले नाहीत. बाराव्या शतकातल्या सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला, परतून त्यांनी लोक जमवले आणि तळं खोदलं. अवर्षणाच्या मुलखात. अल्लमप्रभूंनी येऊन त्यांना वड्डरांचा नायक म्हणून हिणवलं, नुसत्या खोदकामाने देव कळत नाही असं बजावलं. सिद्धरामांनी ते मानलं आणि ते कल्याणला गेले. तळं मात्र कुणी बुजवलं नाही. गड्ड्याची यात्रा आजही त्याच्याच काठी भरते.

‘देव आहे तर देऊळ बंद का?’ हा टोमणा २०२० साली करोनाच्या काळात भरपूर ऐकला. त्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपुरात आल्या आणि लाखो वारकरी घरी थांबले; पुढल्या वर्षीही तेच. विठ्ठल आपल्याला संसर्गापासून वाचवेल असं मानून ते रस्त्यावर उतरले नाहीत, आणि यंदा तो आपला नाही असं म्हणून त्यांनी माळही काढली नाही. एकादशी घरी केली. टोमणा मारणाऱ्यांना या दोन गोष्टी एका डोक्यात मावणं अशक्य वाटलं. वारकऱ्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.