शिक्क्याची किंमत

आम्ही कारकुनी करणारी माणसे. दिवसभर अर्जांवर शिक्के मारतो. एका शिक्क्यावर माणसाचा जीव टांगलेला असू शकतो, हे आम्हाला एका कादंबरीने शिकवले. कादंबरीचे नाव ‘ट्रान्झिट’, लेखिका जर्मनीच्या ॲना सेगर्स.

सेगर्सबाई ज्यू घराण्यातल्या, विचारांनी कम्युनिस्ट. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्यांना देश सोडून फ्रान्स गाठावे लागले. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसात शिरल्या. नवरा फ्रेंच छावणीत कैदेत होता. दोन मुलांना घेऊन बाई दक्षिणेकडे निघाल्या आणि मार्सेल बंदरात पोचल्या.

कादंबरीत हेच बंदर आहे. निर्वासितांच्या रांगा कचेऱ्यांपुढे उभ्या आहेत. जायच्या देशाचा व्हिसा, वाटेतल्या देशांचे परवाने, फ्रान्स सोडण्याची परवानगी, बोटीचे तिकीट, सारे एकाच वेळी हातात हवे. एक कागद मिळतो तोवर दुसऱ्याची मुदत संपते. मग पुन्हा पहिली रांग. गावात राहायचे असेल तर गाव सोडून जाणार असल्याचा पुरावा आणा, असा तिथला न्याय! खिडकीमागचा कारकून नियमावर बोट ठेवतो आणि मोकळा होतो. रांगेतल्या माणसाच्या पाठीशी मात्र मरण उभे असते.

सेगर्सबाईंना मेक्सिकोचा व्हिसा मिळाला. मार्सेलमधील मेक्सिकन कचेरीचे प्रमुख गिल्बेर्तो बोस्केस यांनी असे कागद देऊन हजारोंना वाचवले. त्यांच्या हातातही शिक्काच होता! मार्च १९४१ मध्ये हे कुटुंब बोटीवर चढले. १९४४ साली ‘ट्रान्झिट’ प्रथम छापली गेली, तीही इंग्रजी व स्पॅनिश भाषांतरांत. मायबोलीतल्या पुस्तकाला आणखी काही वर्षे थांबावे लागले.

बाईंची म्हातारी आई मात्र जर्मनीतच अडकली. तिला बाहेर काढण्याची लेकीची खटपट फुकट गेली. मार्च १९४२ मध्ये आईला पोलंडमधील पियास्की येथे पाठवण्यात आले. ती परतली नाही.

आपल्या घरांतली मुलेमुली आता टेबलामागे बसू लागली आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच: नियम मोडू नका, पण नियमात बसणारे काम आजच करा. ‘उद्या या’ म्हणण्यापूर्वी मान वर करून समोरच्या माणसाचा चेहरा पाहा. त्याच्याजवळ उद्याचा दिवस आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते.