आधी उकिरडा, मग प्रमाणपत्र

पवारांच्या संस्थानी अमदानीत धार आणि देवास येथे येऊन स्थायिक झालेल्या आणि संस्थाने 1948 साली मध्यभारतात विलीन झाल्यावरही आपली काळी जमीन ज्यांनी टिकवून धरली, अशा मराठी घराण्यांत, आणि त्यांच्या बांधाला बांध लावून कसणाऱ्या माळवी शेजाऱ्यांतही, ही जमीन सेंद्रिय करावी की करू नये हा प्रश्न आता वारंवार निघतो. 2024 च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये जाहीर झालेला असताना मंडईत माल त्याहून बऱ्याच कमी दराने विकावा लागला, तेव्हा तर खताचा आणि औषधाचा खर्च एकदाचा थांबवून सेंद्रियाच्या वाढीव भावाकडे वळावे, असा विचार अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक होते.

माझे मत प्रारंभीच सांगतो. माळव्याच्या मातीला सेंद्रिय द्रव्याची नितांत आवश्यकता आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही; परंतु ज्याच्या गोठ्यात आणि खड्ड्यात पुरेसे खत तयार होत नाही, संक्रमणाच्या वर्षांतील तूट सोसण्याइतकी ज्याच्या गाठीला पुंजी नाही आणि आपला माल कोण घेणार हे ज्याने आधी पक्के केलेले नाही, त्याने सगळी जमीन एकाच हंगामात सेंद्रिय करू नये. आणि समाजाच्या हिताचे हे परिवर्तन घडवताना येणारी तूट एकट्या शेतकऱ्याने भरावी, ही अपेक्षाही न्याय्य नाही.

सेंद्रिय शेतीच्या विद्येचे एक मूळपीठ आपल्या दाराशीच आहे. 1924 साली इंदूर येथे होळकर दरबारच्या जमिनीवर जी वनस्पती-उद्योग संशोधन संस्था स्थापन झाली, तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे रसायनज्ञ सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टाची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली आणि 1931 साली दोघांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाद्वारे ती जगभर पोचवली. सुमारे 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि 2 फूट खोल अशा खड्ड्यात पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचावयाचे, पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीन वेळा ते उलटावयाचे, आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस काळेभोर खत शेतात न्यावयाचे, असा तो क्रम होता. कापसाच्या टणक पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत म्हणून त्या शेताच्या रस्त्यावर अंथरून ठेवीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चुरल्या जात. कोणतीही काडी वाया जाऊ न देणे हे त्या पद्धतीचे पहिले तत्त्व होते, आणि त्या तत्त्वामागे दावणीला बांधलेले बैल, त्यांच्याखालचा पेंढा आणि खड्डा उलटणारे मनुष्यबळ गृहीत धरलेले होते.

आज त्या गृहीतापैकी किती शिल्लक आहे? बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, गव्हाची कापणी हार्वेस्टरकडे गेली, आणि मागे उभी राहिलेली नरवाई, म्हणजे गव्हाचे खुंट, पेटवून देण्याची अनिष्ट प्रथा माळव्यात रूढ झाली. बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस असते. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरले, तर 10 टन खतातून 50 किलो मिळते आणि त्यातलाही काही अंशच पहिल्या पिकाच्या वाट्याला येतो. एक जनावर दिवसाला 10 किलोच्या आसपास शेण देते. म्हणजे वर्षाचे ते साडेतीन टनांच्या घरात जाते, आणि त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो. ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत आणि नावावर चार हेक्टर जमीन आहे, त्याने ही बेरीज-वजाबाकी आधी मांडावी. बाहेरून खत विकत आणून सेंद्रिय शेती करणे शक्य आहे. पण जो खर्च टाळण्यासाठी मार्ग बदलला, तोच खर्च मग दुसऱ्या नावाने दारात उभा राहतो.

अनुभवाचा पुरावाही जवळचाच आहे. धार जिल्ह्याच्या मनावर-कुक्षीकडील निमाडी भागाला लागून असलेल्या खरगोन जिल्ह्यात, एका स्विस संशोधन संस्थेच्या सहकार्याने 2007 पासून सेंद्रिय आणि रासायनिक शेतीची तुलना काळ्या जमिनीवरच चालू आहे. तेथे पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापसाचे उत्पादन 29 टक्क्यांनी आणि गव्हाचे 27 टक्क्यांनी कमी आले. सोयाबीनचे मात्र केवळ 1 टक्क्याने. पुढल्या दोन वर्षांत कापूस आणि गहू या पिकांत दोन्ही पद्धतींचे उत्पादन जवळजवळ सारखे झाले, सोयाबीन 11 टक्क्यांनी कमी आले, आणि तरीही सेंद्रिय शेतीचा खर्च कमी असल्यामुळे सर्व पिके मिळून तिच्यातून सुटलेली रक्कम 25 टक्क्यांनी अधिक भरली. सोयाबीन आपल्या मुळांवरील गाठींतून हवेतले नत्र स्वतः मिळवते, म्हणून खताची चणचण त्याला फारशी जाणवत नाही. गव्हाला तशी सोय नाही. ज्याला प्रारंभ करावयाचा आहे त्याने कोणत्या पिकावर भिस्त ठेवावी आणि कोणत्या पिकाची तूट आधीच हिशेबात धरावी, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

ही तूट लहान नाही. हेक्टरी 40 क्विंटल गहू धरला, तर 27 टक्के घट म्हणजे जवळपास 11 क्विंटल, आणि 2025-26 च्या 2,425 रुपये हमीभावाने सुमारे 26 हजार रुपये एका हंगामात गेले. सरकारी अनुदानामुळे स्वस्त मिळणाऱ्या खतांचा वाचलेला खर्च त्यातून वजा घातला, तरी मोठा खड्डा उरतोच. याच्या समोर सेंद्रिय शेतीसाठीच्या सरकारी परंपरागत कृषी विकास योजनेची तरतूद ठेवून पाहावी : तीन वर्षांचे मिळून हेक्टरी 31,500 रुपये, आणि त्यांपैकी शेतकऱ्याच्या खात्यावर थेट 15,000, म्हणजे वर्षाला 5,000. शिवाय निर्यातीसाठी लागणाऱ्या प्रमाणनात हंगामी पिकांना पेरणीपूर्वी किमान 2 वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागत असल्याने, उत्पादन सर्वांत कमी असते नेमक्या त्याच वर्षांत वाढीव भावही पुरता मिळत नाही.

बाजाराचा भरवसाही तपासून घेतला पाहिजे. 2020 साली सेंद्रिय वस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने भारतातील सुमारे 20,000 टन कापसाचे व्यवहार-दाखले बनावट असल्याचे उघड केले. 2021 च्या जानेवारीत अमेरिकेने भारताच्या सेंद्रिय प्रमाणन-व्यवस्थेला दिलेली मान्यता काढून घेतली आणि 2022 मध्ये भारतीय सेंद्रिय सोयापेंडीवर जबर आयातशुल्क बसवले. ज्या सोयाबीनवर शेतकऱ्याने भिस्त ठेवावी असे मी म्हणतो, त्याच सोयाबीनच्या परदेशी मागणीला हा धक्का होता. प्रमाणपत्राच्या कागदावर मोजक्या लोकांनी केलेल्या लबाडीचा दंड बांधावर प्रामाणिकपणे राबणाऱ्यांना भरावा लागावा, याचा मला मनस्वी संताप येतो. आणि म्हणूनच खरेदीदाराशी लेखी करार होईपर्यंत केवळ तोंडी आश्वासनावर कोणी जमीन बदलू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

मग करावे काय? नरवाई पेटवणे या वर्षापासून बंद करावे आणि खड्डा खणावा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची किंवा प्रमाणपत्राची आवश्यकता नाही, आणि सेंद्रियाकडे पुढे न वळलेल्यालाही त्याचा लाभच होतो. हरभऱ्यासारखे द्विदल पीक रब्बीच्या फेऱ्यात आणावे, म्हणजे गव्हावरचा भार हलका होतो. घरचे खत जितक्या जमिनीला पुरेल तितकाच तुकडा, शेजारच्या फवारणीपासून सुरक्षित असा, प्रथम वेगळा काढावा, त्याचे दप्तर स्वतंत्र ठेवावे, आणि खताची आवक वाढेल तसतसे क्षेत्र वाढवावे. घाईचा परिणाम काय होतो हे श्रीलंकेने दाखवून दिले : 2021 च्या एप्रिलमध्ये एका फर्मानाने रासायनिक खते बंद करण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो मागे घ्यावा लागला, तरीही भातपीक कोसळलेच. मातीला सवय मोडायलाही वेळ द्यावा लागतो.

सरकारने आपल्या वाट्याचे कर्तव्यही ओळखले पाहिजे. जमीन सुधारण्यासाठी आणि दुष्काळी साली बी-बैलांसाठी रयतेला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, देण्याची चाल आपल्या महसुली कारभारात जुनी आहे. संक्रमणकाळातील प्रत्यक्ष तुटीइतके साहाय्य देण्याची तजवीज त्याच भूमिकेतून व्हावी. नरवाई न जाळता तिचे कंपोस्ट करणाऱ्याला त्या श्रमाचा मोबदला मिळावा, आणि प्रमाणन करणाऱ्या संस्थांची तपासणी कचेरीत बसून न होता शेतावर व्हावी. मातीचा कस टिकला तर त्याचे फळ पुढच्या पिढ्यांना आणि शहरात राहणाऱ्या ग्राहकालाही मिळणार आहे. तो टिकवण्याचा खर्च धार-देवासच्या दोन-चार हेक्टरवाल्या शेतकऱ्याच्या एकट्याच्या खात्यावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.