शेजारच्या देशाचं नाव घेताना



निवडणूक आली की पाणी, गटारं आणि यंत्रमागाच्या वीजबिलाच्या जोडीला बांगलादेशही प्रचारात येतो. 'बांगलादेशी' हा शब्द शिवीसारखा फेकला जातो आणि टाळ्या पडतात. 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा ऑगस्ट 2024 मध्ये आग्र्याच्या सभेत बांगलादेशचा दाखला देऊन दिली गेली. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत ती महाराष्ट्रात फिरली.

मित्रदेशाबद्दल उमेदवारांनी कसं बोलावं, हा दिल्लीतल्या साहेबांचा प्रश्न वाटतो. भिवंडीत काम करताना मला तो तसा वाटत नाही. 6 जून 2015 रोजी ढाक्यात दोन्ही देशांनी माणसांचा व्यापार रोखण्याचा आणि सुटका झालेल्यांना घरी पोचवण्याचा करार केला. फसवून आणून इथल्या वस्तीत विकलेली मुलगी परत जायची, तर तिचं घर तिथल्या यंत्रणेला शोधावं लागतं. तिच्या वकिलातीला प्रवासाचा परवाना द्यावा लागतो. त्याआधी मुलीनं आपला खरा देश सांगावा लागतो. पण सभांचे कर्णे ऐकलेली मुलगी भीतीनं 'कोलकाता' सांगते. खोट्या पत्त्यावर घर कसं सापडणार? निवारागृहातले तिचे महिने मात्र वाढत जातात.

अपमान कौतुकातूनही होतो. त्या कराराच्या दुसऱ्याच दिवशी, ढाक्यातल्या भाषणात, आपल्या पंतप्रधानांनी शेख हसीना यांचं कौतुक केलं: स्त्री असूनही त्या दहशतवादाविरुद्ध ठाम उभ्या आहेत! हे 'असूनही' दोन्ही देशांतल्या बायकांना झोंबलं. हसीनांना जाब जरूर विचारावा. विरोधकांनी बहिष्कार घातलेल्या 2014 आणि 2024 च्या निवडणुकांचा विचारावा, 2024 च्या आंदोलनातल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबाराचा विचारावा. त्यांच्या बाईपणाचा तिथे काय संबंध?

आकाशवाणी-दूरदर्शनवरच्या पक्षांच्या प्रचारभाषणांत इतर देशांवर टीका करायला मनाई आहे. तशी बंदी मैदानातल्या सभांना लावावी, असं मी म्हणणार नाही. तिस्तेच्या पाण्यावर, तिथल्या अल्पसंख्याकांच्या सुरक्षिततेवर, तयार कपड्यांच्या आयातीनं आपल्या मागांचं काय होतं यावर उमेदवारांनी खुशाल कडक बोलावं. पण सरकारच्या कृतीवर बोलावं; तिथल्या माणसांच्या जातकुळीवर किंवा नेत्याच्या बाईपणावर नको. आणि जे ढाक्याच्या मंत्र्यासमोर उच्चारता येणार नाही, ते इथल्या चौकातही उच्चारू नये. तिथे तो मित्रदेश आणि इथे शिवी, हा दुटप्पीपणा अखेर बायकांनाच भोवतो. मुर्शिदाबाद-मालद्याहून आलेल्या, भारतीयच असलेल्या मोलकरणींनाही मग बोलीवरून कागद मागितले जातात.

उमेदवार दारात मतं मागायला येतील, तेव्हा आपण एवढंच विचारू या: निवारागृहात परवान्याची वाट पाहणाऱ्या मुलींसाठी तुम्ही कोणाला पत्र लिहिणार, आणि कधी?