बर्फावरची फळी आणि सातमाळ्याची वाट
तरुणाईच्या साहसाला बंदी हे उत्तर नाही, हे अमेरिकेतील स्नोबोर्डिंगने दाखवून दिले. सह्याद्री त्यातून काय शिकणार?

विशेष प्रतिनिधी, चांदवड

होळकरांचा रंगमहाल, रेणुकामातेचे मंदिर आणि कांदा-द्राक्षांचा बाजार ही चांदवडची जुनी ओळख. गेल्या दोन दशकांत तीत आणखी एका ओळखीची भर पडली आहे. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने सुमारे ६५ किलोमीटरवर असलेल्या या गावाभोवती सातमाळा डोंगररांगेतील चांदवड, इंद्राई, राजधेर आणि कोळधेर हे किल्ले उभे आहेत. दोन दिवसांत हे चारही किल्ले पाहण्याची मोहीम भटक्या तरुणांच्या यादीत आता हमखास असते. पाठीवर सॅक, पायात ट्रेकिंगचे बूट आणि हातात मोबाइल घेतलेली शहरी मुले-मुली राजधेरवाडीच्या वाटेवर दिसणे, यात गावकऱ्यांनाही आता नवल वाटत नाही.

हा बदल एकट्या चांदवडचा नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरिहरपासून लोणावळ्याच्या धबधब्यांपर्यंत सर्वत्र तरुणाईची रीघ लागलेली दिसते. गर्दी वाढली, अपघात वाढले आणि त्यापाठोपाठ बंदीचे आदेशही वाढले. दुर्घटना घडली, की प्रवेश बंद करायचा, काही दिवस पोलीस उभे करायचे आणि चर्चा शमली, की सारे पूर्ववत होऊ द्यायचे, ही आता जणू रीतच झाली आहे. तरुणांच्या एखाद्या नव्या छंदाने डोंगर व्यापला, तर समाजाने आणि शासनाने त्याच्याशी कसे वागावे, हा खरा प्रश्न आहे. हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेतील बर्फाळ डोंगरांवर उभा राहिला होता आणि त्याचे जे उत्तर तेथे मिळाले, ते आज महाराष्ट्राने अभ्यासावे असे आहे.

बंदीपासून ऑलिंपिकपर्यंत

दोन पायांना दोन लांब पट्ट्या बांधून आणि हातात काठ्या घेऊन बर्फाच्या उतारावरून घसरत जाणे म्हणजे स्कीइंग. हा युरोपातून आलेला, सुखवस्तू कुटुंबांचा, काहीसा शिस्तबद्ध खेळ. स्नोबोर्डिंगमध्ये मात्र दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधले जातात आणि लाटेवर स्वार व्हावे तसा खेळाडू बर्फावरून उतरतो. १९६५ च्या नाताळात मिशिगन राज्यातील मस्केगन येथे शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून एक खेळणे तयार केले. बर्फ आणि लाटेवरचा खेळ यांच्या इंग्रजी नावांचा संधी करून त्याला ‘स्नर्फर’ हे नाव मिळाले. पुढे १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हरमाँट राज्यात अशा फळ्या बनविण्याचा उद्योग सुरू केला. दुसरीकडे स्केटबोर्डिंगमधून आलेल्या टॉम सिम्स यांच्यासारख्यांनी या खेळाला रस्त्यावरच्या कसरतींची जोड दिली.

बर्फाळ उतारांच्या मालकांना हे पाहुणे मुळीच मानवले नाहीत. फळीवर नियंत्रण राहत नाही, अपघात होतील, विमा कंपन्या तयार होणार नाहीत, अशी कारणे पुढे करून बहुतेक ठिकाणी स्नोबोर्डिंगला मज्जाव करण्यात आला. कारणे सुरक्षेची असली, तरी त्यामागे नाराजी वेगळीच होती. ढगळ कपडे घालणारी, कर्कश संगीत ऐकणारी, रांगेची आणि रीतिरिवाजांची फिकीर न करणारी ही पोरे प्रतिष्ठित मंडळींच्या डोळ्यांत खुपत होती. मुलांनाही ते ठाऊक होते. बंदीमुळे खेळ थांबला तर नाहीच, उलट त्याला बंडखोरीचे वलय लाभले.

कोंडी फुटली ती तडजोडीने. १९८३ मध्ये व्हरमाँटमधील स्ट्रॅटन या मोठ्या केंद्राने स्नोबोर्डिंगला दार उघडले. अनेक केंद्रांनी सुरुवातीला अट घातली, ती अशी की फळीवाल्याने आधी आपले कौशल्य दाखवावे, प्रमाणपत्र घ्यावे आणि मगच उतारावर यावे. पुढे कसरतींसाठी बर्फाचे अर्धनळीसारखे चर आणि उंचवटे असलेली स्वतंत्र मैदानेच तयार झाली. धोका नाहीसा झाला नाही. पण त्याला जागा मिळाली, नियम मिळाले आणि शिकविणारे मिळाले.

त्यानंतरचा प्रवास वेगवान आहे. १९९७ मध्ये ईएसपीएन वाहिनीने हिवाळी एक्स गेम्स सुरू केले. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला. तेथेही वाद टळला नाही. नॉर्वेचा अव्वल खेळाडू तेर्ये हाकोनसेन याने स्नोबोर्डवाल्यांच्या स्वतःच्या संघटनेला डावलून स्कीइंगच्या महासंघाकडे सूत्रे दिल्याच्या निषेधार्थ स्पर्धेवर बहिष्कार टाकला. आमच्या खेळाचे नियम आम्हाला विचारल्याशिवाय का ठरविता, हाच त्याचा रोख होता. मात्र २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे पुरुषांच्या हाफपाइप प्रकारातील तिन्ही पदके अमेरिकी तरुणांनी जिंकली, तेव्हा कालचे उपद्रवी एका रात्रीत देशाचे नायक झाले. शॉन व्हाइटने २००६, २०१० आणि २०१८ अशी तीन सुवर्णपदके पटकावली. २०१८ मध्ये अवघ्या सतराव्या वर्षी सुवर्ण जिंकणारी क्लोई किम घराघरांत पोहोचली.

या खेळाने अमेरिकी तरुणांच्या पेहरावाला, भाषेला आणि संगीताच्या आवडीला वळण दिलेच. ज्या स्कीइंगने त्याला हिणवले, तेही त्याने बदलून टाकले. स्कीच्या पट्ट्या रुंद आणि कमरेत बारीक झाल्या, दोन्ही टोकांना वळलेल्या स्की आल्या आणि २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्कीइंगचाही हाफपाइप प्रकार दाखल झाला. अमेरिकेतील आल्टा, डीअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन ही तीनच केंद्रे बंदीवर अडून राहिली. आल्टाच्या बंदीविरुद्ध २०१४ मध्ये काही स्नोबोर्डवाले न्यायालयात गेले. त्यांची मागणी फेटाळली गेली. कायद्याने बंदी टिकली. पण खेळ आणि त्याची बाजारपेठ तिला वळसा घालून केव्हाच पुढे निघून गेली होती.

सह्याद्रीची निराळी चाल

सह्याद्रीत बर्फ नाही. पण चढ-उतार आणि कातळ भरपूर आहेत. येथील गिरिभ्रमणाची परंपरा स्नोबोर्डिंगहून जुनी आहे. मुंबईतील गिरिविहार ही संस्था १९५४ पासून कार्यरत आहे. पुणे, नाशिक, ठाणे, डोंबिवली येथील संस्थांनी पुढे शेकडो तरुणांना दोर कसा बांधावा, कातळटप्पा कसा चढावा आणि मुख्य म्हणजे केव्हा मागे फिरावे, याचे धडे दिले. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्टवर झेंडा रोवला. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये प्रस्तरारोहणाच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा झाल्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये याच खेळाला प्रथमच स्थान मिळाले, तेव्हा त्याच्यासोबत स्केटबोर्डिंग आणि सर्फिंगही आले. ऑलिंपिकने तरुणांच्या अशा खेळांना जवळ करण्याची जी वाट धरली, तिच्यावरचा एक मोठा टप्पा नागानो हा होता.

तरीही दोन्हीकडच्या तरुणाईत एक मूलभूत फरक आहे. अमेरिकेतील पोरगा फळी घेऊन डोंगरावर गेला, तो वडीलधाऱ्यांच्या रीतीला नकार देण्यासाठी. मराठी तरुण गडावर जातो, तो पूर्वजांचे नाव घेऊन. शिवरायांचा जयजयकार करूनच त्याची मोहीम सुरू होते. सह्याद्री प्रतिष्ठान, दुर्गवीर यांसारख्या संस्थांची मुले सुट्टीच्या दिवशी टाकी उपसतात, बुजलेल्या वाटा मोकळ्या करतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यात नाशिक जिल्ह्यातील साल्हेरचा समावेश झाला, तेव्हा या तरुणांना झालेला आनंद घरच्या कार्यासारखा होता.

अशा तरुणाईला उपद्रवी ठरविणे सोपे नाही. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. गडावर जाणे हे पुण्यकर्म मानले गेल्यामुळे त्यातील धोक्याविषयी गंभीरपणे बोलले जात नाही. संस्थेत वर्षभर शिकून मग कड्याला हात लावण्याची शिस्त मागे पडली आणि समाजमाध्यमांवरील जाहिरात पाहून शुक्रवारी पैसे भरायचे व शनिवारी रात्री बसमध्ये बसायचे, ही नवी पद्धत रूढ झाली. हरिहरच्या खड्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकून पडल्याची छायाचित्रे राज्याने पाहिली आहेत. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातील कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरणासाठी आलेल्या एका तरुणीचा दरीत कोसळून मृत्यू झाला. केवळ नवखेच बळी पडतात, असेही नाही. चांदवडपासून जवळच, मनमाडनजीक असलेल्या हडबीची शेंडी या सुळक्यावर जानेवारी २०२२ मध्ये दोन गिर्यारोहकांना प्राण गमवावे लागले.

नियम आहेत, पण डोंगरावर कोण?

राज्यात नियमच नाहीत, असे म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्राने साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, योग्य साधने, प्रथमोपचार अशा अपेक्षा त्यात आहेत. अडचण अंमलबजावणीची आहे. गडाचा पायथा वनखात्याचा, तटबंदी पुरातत्त्व विभागाची, नोंदणी पर्यटन खात्याची आणि बंदीचा आदेश जिल्हा प्रशासनाचा, अशी ही विभागणी आहे. या चौघांपैकी शनिवारी पहाटे वाटेवर उभा कोणीच नसतो. अमेरिकेतील उताराला मालक होता. त्याला विम्याची चिंता होती आणि तिकिटाच्या उत्पन्नाची आसही होती. त्यामुळे नियम करणे आणि ते पाळून घेणे या दोन्हींत त्याचा स्वार्थ होता. येथे डोंगर सर्वांचा आहे आणि म्हणूनच जबाबदारी कोणाचीच नाही.

अपघात घडला, की धावून जातात ते स्वयंसेवक. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथके आणि गिर्यारोहकांनीच उभारलेले बचाव समन्वय केंद्र ही आजची खरी यंत्रणा आहे. मात्र ही पथके पोहोचेपर्यंत जखमीला खाली आणण्याचे काम बहुधा पायथ्याच्या गावातील माणसेच करतात. डोंगराची प्रत्येक घळ, प्रत्येक पाण्याचे टाके त्यांना ठाऊक असते. मोहिमेचे पैसे मात्र मुंबई-पुण्यात भरले जातात आणि गावाच्या वाट्याला फार तर पिठलं-भाकरीचे चार पैसे येतात.

पायथ्याच्या गावाचा वाटा

येथे चांदवडच्याच एका तरुणाचे उदाहरण आठवते. तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ लष्करात गेला, तेथे नौकानयन शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्स प्रकारात भारताच्या वतीने उतरला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात त्याने सुवर्णपदकही मिळविले. पाण्यासाठी तरसणाऱ्या तालुक्यातून नौकानयनपटू घडतो, यातच या मातीतील तरुणांची ताकद दिसते. पण ती ताकद ओळखली गेली ती गावाबाहेर, लष्करात. ग्रामीण तरुणासाठी खेळ हा आजही मुख्यतः भरतीचा मार्ग आहे. ज्या टेकडीवर शहरातील मुलगा साहसासाठी येतो, तिच्याच पायथ्याला गावातील मुलगा पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी धावत असतो. दोघांची भेट होते. पण दोघांचा व्यवहार जुळत नाही.

तो जुळविणे अवघड नाही. इंद्राई-राजधेरसारख्या गडांवर जाणाऱ्या प्रत्येक गटासोबत गावातील एक प्रशिक्षित वाटाड्या असावा, पायथ्याशी नावांची नोंद व्हावी, माफक शुल्काचा हिस्सा ग्रामपंचायतीकडे आणि बचाव साहित्यासाठी जावा, कातळटप्प्याच्या वाटांवर दोर-साधनांची अट असावी आणि नवख्यांसाठी सोप्या वाटा वेगळ्या दाखवाव्यात, एवढे जरी झाले, तरी बरेच साधेल. प्रशिक्षण देण्यास नाशिक जिल्ह्यात अनुभवी गिर्यारोहकांची वाण नाही. भरतीची वयोमर्यादा ओलांडलेल्या तरुणाला घराजवळ काम मिळेल आणि शहरातून आलेल्याला डोंगर जाणणारा सोबती. मात्र हे नियम मंत्रालयात लिहून खाली पाठविण्याऐवजी गिर्यारोहण संस्था, ग्रामस्थ आणि वनखाते यांनी एकत्र बसून ठरवायला हवेत. हाकोनसेनचा बहिष्कार विसरता येणार नाही. ज्यांच्यासाठी नियम आहेत, त्यांना विचारात घेतले नाही, तर त्यातील उत्तम माणसेच आधी दूर जातात.

१८१८ मध्ये इंग्रजांनी राजधेर आणि परिसरातील किल्ले घेतले. त्या सुमारास सह्याद्रीतील अनेक गडांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंगाने उडवून देण्यात आल्या. पुन्हा कोणी वर चढू नये, हाच त्यामागील हेतू. दोनशे वर्षांनंतरही माणसे वर चढतातच. तुटलेल्या टप्प्यावर शिडी लावून, दोर टाकून चढतात. ज्याला डोंगराची ओढ लागली, त्याला सुरुंगाने अडविता आले नाही, तो पायथ्याला लावलेल्या फलकाने अडेल, ही अपेक्षा भाबडी आहे. तो सुखरूप खाली कसा येईल, याची व्यवस्था लावणे एवढेच समाजाच्या हाती आहे. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी ती लागणार, की आणखी एका दुर्घटनेनंतर आणखी एक बंदी आदेश निघणार, हे प्रशासनाला आणि गिर्यारोहण संस्थांना मिळून ठरवावे लागेल.