पुण्याच्या माळ्यावरच्या स्की

भाच्याने परवा मोबाइलवर एक फोटो पाठवला. माळ्यावरून नुकत्याच काढलेल्या दोन स्की, त्यांवर बाइंडिंग, शेजारी पोल. विकणारा कोथरूडचा, किंमत बारा हजार. खाली प्रश्न : “मामा, घेऊन टाकू? फेब्रुवारीत गुलमर्गला चाललोय. भाड्यात पैसे कशाला घालवायचे?”

पुणेरी हिशेब म्हणून यात खोट नाही. सॅक, तंबू, स्लीपिंग बॅग मी स्वतः जुनं घेतलंय, आणि याच सदरात तसं करायला सांगितलंही आहे. स्कीच्या बाबतीत मात्र माझं मत उलट आहे. नवख्याने स्की भाड्याच्याच वापराव्यात. खिसा अगदीच खाजत असेल तर आधी बूट घ्यावेत.

मुद्दा बाइंडिंगचा आहे. स्कीवर बूट अडकवणारा हा खटका पाय धरून ठेवायला असतो, तसाच तो वेळेवर सोडायलाही असतो. पडताना पाय पिरगळला की पुढचा भाग बुटाला बाजूने मोकळं करतो; तोंडावर आपटलात तर मागचा भाग टाच वर सुटू देतो. नाही सुटला, तर पायाला बांधलेली ती लांब फळी तरफेसारखी फिरते आणि गुडघा नाहीतर नडगी कामातून जाते. किती जोर आला की सुटायचं, तो आकडा स्प्रिंगवर लावलेला असतो. त्याला डिन म्हणतात. तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि तुम्ही किती सराईत आहात, यावरून तो काढतात. भाच्याला फोटो मोठा करून बघायला सांगितलं. बारीकशा खिडकीत ८ दिसत होतं. भाचा साठ किलोचा, बर्फावर एकदाही उभा न राहिलेला. त्याला याच्या जवळपास निम्मं पुरेल.

आकडा फिरवता येतो, कबूल. पण बाइंडिंगची भोकं आधीच्या मालकाच्या बुटाच्या मापाने पाडलेली असतात. भाड्याच्या स्कीवरचं बाइंडिंग बहुधा रुळावर सरकतं. दुकानातला पोरगा बूट ठेवून, स्क्रूड्रायव्हर फिरवून मिनिटाभरात जुळवून देतो. पुण्यात हे कोणाकडून करून घेणार? पंक्चरवाल्याकडून? परदेशातली चांगली दुकानंसुद्धा कंपनीच्या यादीतून बाद झालेल्या जुन्या बाइंडिंगला हात लावत नाहीत. शिवाय स्कीच्या कडा पोलादी. आपल्याकडचे चार महिने पावसाळ्याचे, त्यामुळे माळ्यावर त्यांचं काय होतं ते सांगायला नको.

त्यातून गुलमर्ग, औली, सोलंग इथल्या सरकारी संस्थांच्या प्राथमिक कोर्सच्या शुल्कात साहित्य साधारणपणे धरलेलंच असतं. म्हणजे बारा हजारांची वस्तू विमानातून न्यायची, सामानाचे जादा पैसे भरायचे आणि तिथे खोलीत उभी करून ठेवायची. गोंडोलाने सुमारे ३,९०० मीटरवर, अफरवटच्या अंगाला जाणारे सराईत लोक वेगळे. नवख्याचा पहिला आठवडा खालच्या मऊ उतारांवर पडण्या-उठण्यातच जातो, आणि त्यासाठी हनुवटीपर्यंत येणारी आखूड स्की बरी. वळणं जमायला लागली की तीच अपुरी वाटू लागते. कॅलगरीत किंवा झुरिकमध्ये राहणाऱ्यांचं गणित निराळं. तिथे अख्ख्या हंगामाचं भाडं ठरवता येतं, आणि वाढत्या मुलांसाठी तेच शहाणपणाचं.

आता बूट. जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं, हे मला गुलमर्गलाच कळलं. दुकानदाराने प्रेमाने दोन मापं मोठे बूट दिले, “आरामात राहाल” म्हणून. मी वर दोन जोड लोकरीचे मोजे चढवले. बूट डावीकडे वळायचा आणि आत पाय सरळच राहायचा. तिसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी.

नंतर एका प्रशिक्षकाने खरं माप दाखवलं. बुटातून आतलं मऊ लायनर बाहेर काढायचं, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घालायचा आणि बोटं पुढे टेकवायची. टाचेमागे एक ते दोन बोटांची फट उरली पाहिजे. मग लायनरसकट घालून ताठ उभं राहायचं : बोटं पुढे जेमतेम लागतात. गुडघे वाकवले की ती मागे सरतात. मोजा एकच, पातळ. मापाचा आकडा म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, म्हणून बाटाच्या नंबरवर जाऊ नये. बूटही फार जुने नकोत. प्लास्टिक वयाने ठिसूळ होतं, न वापरता ठेवलं तरी. एखाद्या उतारावर ते कवच तडकलं तर तुम्ही एका बुटानिशी उरता.

जुनं हेल्मेट तर फुकट मिळालं तरी नको. आतली चीर बाहेरून दिसत नाही.

एवढं ऐकवल्यावर भाचा म्हणाला, “मग त्याच माणसाला बूट विचारू? त्याचं पाऊल माझ्याएवढंच असेल तर?” विचार म्हटलं. संध्याकाळी त्याचा निरोप आला : “मामा, तो म्हणतो स्की न्या, पोल न्या, पोल तर फुकट देतो. बूट विकायचे नाहीत. डिसेंबरात तो औलीला चाललाय.”

— पायपीटकर